दूध संकलनाच्या अॅपच्या पहिल्या नमुन्यासाठी फायरबेस, नोड की जँगो?

आपण लिहिल्याप्रमाणे गावातील दूध संकलन केंद्रासाठी दोन महिन्यांत अॅपचा नमुना उभा करायचा आहे, फ्लटरची (फोनवरील अॅप बनवण्याच्या साधनाची) बाजू मित्र सांभाळणार आहे, आपल्याला पायथॉन येते आणि केंद्रावर रेंज बेभरवशाची आहे. एवढ्या माहितीवरून मी जँगो (पायथॉनमधील सर्व्हरची चौकट) आणि पोस्टग्रेस (तक्त्यांचा डेटाबेस) ही जोडी सुचवेन.

फायरबेस या गुगलच्या तयार सर्व्हर-सेवेचा मोह का पडतो, हे समजण्यासारखे आहे. त्यातील फायरस्टोअर हा डेटाबेस रेंज नसताना नोंद फोनवरच ठेवते आणि जोडणी आली की स्वतःहून वर पाठवते. आपल्या केंद्राला नेमके हेच हवे आहे. परंतु आपल्या अॅपचा जीव दहा दिवसांच्या बिलात आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ), त्यावरून दरपत्रकातील दर, आणि त्यातून उचल व पशुखाद्याची कपात, हे सारे एकमेकांत गुंतलेले हिशेब आहेत, आणि असे तक्ते जोडून उत्तर काढण्याची सोय फायरस्टोअरच्या नेहमीच्या क्वेरीत नाही. शिवाय तेथे आकारणी वाचलेल्या नोंदींवर होते. ३०० उत्पादक, दोन पाळ्या आणि दहा दिवस धरले तर ६,००० नोंदी होतात; सचिवांनी सगळ्यांचे बिल एका दिवसात आठ वेळा मुळापासून काढले, तर ४८,००० वाचने होऊन रोजची ५०,००० ची मोफत मर्यादा संपत येते. बेरजा आधीच करून ठेवून हे टाळता येते, पण मग त्या बेरजा जुळत्या ठेवण्याचे काम आपल्या गळ्यात पडते.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये खोट काही नाही; केवळ या कामासाठी ते नव्याने शिकत बसू नये. पायथॉन येत नसते, तर मी सुपाबेस ही फायरबेससारखी तयार सेवा सुचवली असती, कारण त्याच्याही मुळाशी पोस्टग्रेसच आहे.

जँगोचा खरा फायदा त्याच्या तयार अॅडमिनमध्ये, म्हणजे माहिती भरण्याच्या आयत्या पानांत आहे. अमेरिकेतील कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेली आणि २००५ मध्ये खुली झालेली ही चौकट असल्यामुळे, प्रोग्रामिंग न येणाऱ्याने माहिती भरावी ही गरज तिच्यात पहिल्यापासून गृहीत आहे. उत्पादकांची यादी आणि दरपत्रक सचिवांना तेथूनच भरू द्या. त्यासाठी अॅपमध्ये वेगळे पडदे करण्यात वेळ घालवू नका.

रेंजचा प्रश्न मात्र आपल्यालाच सोडवावा लागेल. नोंद आधी फोनवरील एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहावी, तिचा यूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख क्रमांक) फोननेच तयार करावा आणि सर्व्हरने तो क्रमांक पुन्हा आल्यास दुसरी नोंद करू नये. नाहीतर अर्धवट रेंजमध्ये एकच दूध दोनदा जमा होईल आणि भांडण केंद्रावर येईल. प्रत्येक नोंदीसोबत त्या पाळीला लागू झालेला दरही साठवावा, म्हणजे मध्येच दरपत्रक बदलले तरी आधीची बिले हलणार नाहीत. रकमेसाठी फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) न वापरता डेसिमल (दशांश अचूक साठवणारा प्रकार) वापरावे.

लॉगिनसाठी ओटीपीच्या मागे सध्या लागू नये. भारतात स्वतःच्या सर्व्हरवरून असे एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नोंदणी (एसएमएस पाठवणाऱ्याची दूरसंचार कंपन्यांकडील नोंदणी) करून मजकुराचा साचाही मंजूर करून घ्यावा लागतो. नमुना वापरणारे मोजकेच लोक असतील, तेव्हा त्यांची खाती अॅडमिनमधूनच उघडून पासवर्ड हाती द्यावा.