ॲसेसमेंट वाढली म्हणून पुण्याचा फ्लॅट विकावा का?

प्रश्न थोडक्यात असा. व्हर्जिनियातल्या ॲशबर्नमधून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. 2021 मध्ये घर घेतलं, कर्ज 30 वर्षांचं, दर 2.875 टक्के. 2025 मध्ये लाउडन काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) घराची ॲसेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, 8 लाख डॉलरवरून 8 लाख 60 हजारांवर नेली. पाठोपाठ कर्जाचा हप्ता गोळा करणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की महिन्याला 163 डॉलर जास्त भरावे लागतील. यजमानांचं म्हणणं, पिंपळे सौदागरचा फ्लॅट विकून कर्जाचा मोठा भाग फेडून टाकू. सासूबाई म्हणतात, विकू नका, उद्या परत यावंसं वाटलं तर? आणि ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलंय, की पैसे घेऊन ॲसेसमेंट कमी करून देणारे लोक असतात, त्यांना गाठा. काय करावं?

ताई, नमस्कार. पत्रासोबत एस्क्रोचा, म्हणजे टॅक्स आणि विम्यासाठी हप्त्याबरोबर पैसे साठवणाऱ्या खात्याचा, हिशेब पाठवलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या कागदातच आहे.

आधी टॅक्स पाहू. 2024 मध्ये लाउडनचा दर शंभर डॉलरला 86.5 सेंट होता. 8 लाखांवर 6,920 डॉलर झाले. 2025 साठी बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने, दर 80.5 सेंटवर आणला. 8 लाख 60 हजारांवर 6,923 डॉलर होतात. ॲसेसमेंट साठ हजारांनी वाढली आणि टॅक्स वाढला वर्षाला तीन डॉलर. ते 163 डॉलर काउंटीने वाढवलेले नाहीत.

मग ते आले कुठून? त्याच हिशेबात दोन ओळी खाली होमओनर्स इन्शुरन्स आहे. प्रिमियम 1,500 वरून 2,400 झाला आहे, म्हणजे महिन्याला 75 डॉलर जास्त. शिवाय कंपनीने हे वाढीव 900 डॉलर तुमच्या एस्क्रो खात्यातून आधीच भरून टाकले, त्यामुळे खात्यात खड्डा पडला. कायद्याने त्यांना दोन महिन्यांइतकी शिल्लक खात्यात ठेवून घेता येते, तीही प्रिमियमबरोबर वाढली, साधारण 150 डॉलरने. झाले 1,050. ते बारा महिन्यांत वाटले की महिन्याला साडेसत्त्याऐंशी. पंचाहत्तर अधिक साडेसत्त्याऐंशी, तुमचे 163 डॉलर इथे पूर्ण झाले. यातले साडेसत्त्याऐंशी पुढच्या वर्षी आपोआप गळून पडतील. हा 1,050 चा खड्डा एकरकमी भरण्याचा पर्याय पत्रात दिला आहे, पण बारा महिन्यांत फेडायला व्याज लागत नाही. तुमची हाताशी असलेली बचत 18 हजार आहे, तिला हात लावू नका.

आता फ्लॅट. मूळ कल्पनेतच अडचण आहे. ठरावीक दराच्या कर्जात मुद्दल फेडलं म्हणून महिन्याचा हप्ता कमी होत नाही, कर्ज लवकर संपतं इतकंच. आणि एस्क्रोला मुद्दलाशी काही देणंघेणं नाही. उद्या सगळं कर्ज फिटलं तरी टॅक्स आणि विमा भरावाच लागणार. मुद्दल भरून हप्ता नव्याने बांधून घ्यायची सोय काही बँका थोडी फी घेऊन देतात, त्याला रीकास्ट म्हणतात. तसं केलंत तर 80 हजार डॉलर भरून हप्ता महिन्याला 370 च्या आसपास उतरेल. पण 75 डॉलरच्या खऱ्या वाढीसाठी 80 हजार घालवायचे, आणि तेही 2.875 टक्क्यांचं कर्ज फेडायला? असं स्वस्त कर्ज तुम्हाला पुन्हा मिळणं कठीण आहे. हेच पैसे अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी बिलात ठेवले तरी आज त्याहून जास्त व्याज येतं आणि त्यावर व्हर्जिनियाचा राज्य कर लागत नाही.

80 हजार हा आकडाही सहज हाती येणारा नाही. फ्लॅट 2012 मध्ये 42 लाखांना घेतलात, आता 75 लाख मिळतील म्हणता. भारतात 33 लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस, म्हणजे सव्वाचार लाखांहून थोडा जास्त कर. जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला महागाई धरून कर भरण्याचा जो पर्याय ठेवलाय, तो अनिवासींना नाही. त्यातून खरेदीदाराला टीडीएस नफ्यावर नाही, अख्ख्या विक्रीच्या रकमेवर कापावा लागतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी घेतला नाही, तर लाखो रुपये रिफंड येईपर्यंत अडकून राहतात.

अमेरिकेच्या बाजूला चित्र उलटं आहे. 2012 मध्ये डॉलर 53 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे तुमची खरेदी जवळपास 79 हजार डॉलरची. 88 चा दर धरला तर विक्री 85 हजारांची. डॉलरमध्ये नफा जेमतेम सहा हजार, पण भाड्याने दिलेल्या काळाचा घसारा धरला की तो बराच वाढू शकतो. घसारा फार नसेल तर इथला कर लहान, आणि मग भारतात भरलेल्या कराची पूर्ण वजावट इथे लगेच मिळणार नाही. तेरा वर्षं हप्ते भरून, भाडेकरू सांभाळून डॉलरमध्ये इतकीच वाढ झाली, हे यजमानांना दाखवा. पुढे कधी फ्लॅटचा विचार कराल तेव्हा याचा उपयोग होईल.

तो विचार वेगळ्या दिवशी करा. महिना 28 हजार भाडं म्हणजे 75 लाखांवर साडेचार टक्के, सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा कर आणि आयकर जाण्याआधी. फार नाही. तुम्हाला परत जायचंच नसेल तर फ्लॅट विकायला माझी हरकत नाही. पण सासूबाईंचा प्रश्न खरा आहे, आणि तुम्ही दोघं त्यावर अजून शांतपणे बोललेला नाहीत हे पत्रावरून दिसतं. एस्क्रोच्या पत्राने घाबरून विकलेलं पुण्याचं घर त्याच भावात परत घेता येत नाही.

ॲसेसमेंट कमी करून देणाऱ्यांबद्दल माझं उत्तर ठामपणे 'नको' असं आहे. धरून चालू की तुमची किंमत 30 हजारांनी उतरली. 80.5 सेंटच्या दराने वर्षाला 241 डॉलर वाचले, महिन्याला वीस. त्यातून त्यांची फी द्यायची? काउंटीकडे फेरतपासणीचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, वकील लागत नाही. 2025 ची मुदत संपली आहे. पुढची ॲसेसमेंट 1 जानेवारीची किंमत धरून होईल आणि हिवाळ्यातच नोटीस येईल. ती आली की काउंटीच्या वेबसाइटवर तुमच्या घराची नोंद उघडा. चौरस फूट, बाथरूम किती, बेसमेंट तयार आहे की नुसतं काँक्रीट, हे एकेक ताडून पाहा. तुमचं बेसमेंट कच्चं आहे असं तुम्ही लिहिलंय. नोंदीत ते तयार दाखवलं असेल तर अर्जाला बळ आहे. तिथे नाही जमलं तर बोर्ड ऑफ इक्वलायझेशनकडे, म्हणजे ॲसेसमेंटवरची अपिलं ऐकणाऱ्या मंडळाकडे, 1 जूनपर्यंत जाता येतं. शेजाऱ्यांपेक्षा जास्त टॅक्स भरतो, एवढ्या कारणावर अर्ज टिकत नाही. किंमत चुकली आहे हे दाखवावं लागतं.

आणि बिलच जड वाटत असेल तर दार वेगळं आहे. किंमत ठरवतो कमिशनर ऑफ द रेव्हेन्यू, दर ठरवतं बोर्ड, पैसे घेतो ट्रेझरर, आणि सगळे तुम्ही निवडून दिलेले. नव्या किमतींमुळे जुन्याच दराने वसुली एक टक्क्याहून जास्त वाढणार असेल, तर वाढ होणार नाही असा दर किती, हे व्हर्जिनियात काउंटीला जाहीर करावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती जाहिरात नक्की वाचा, बजेटच्या सुनावणीला जा. एप्रिलच्या सुरुवातीला बजेट मंजूर होतं, 1 जुलैपासून लागू. 2021 मध्ये 98 सेंट असलेला दर इथवर उतरला, त्यात डेटा सेंटरांच्या कॉम्प्युटरवरच्या कराचा मोठा हात आहे. ते उत्पन्न कायम असंच वाढेल असं धरू नका. स्थानिक करातला सगळ्यात मोठा वाटा शाळांना जातो, आणि तुमची मुलगी त्याच शाळेत आठवीत आहे. म्हणून मी तुम्हाला दर कमी करा एवढंच म्हणायला जा असं सांगत नाही. आकडे समजून घेऊन काय हवंय ते सांगा.

आणखी एक फायदा नजरेतून सुटू नये. राज्याचा आयकर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून फेडरल रिटर्नमध्ये दहा हजारांपर्यंतच वजावट होती, ती 2025 पासून 40 हजार झाली. तुमचा राज्य कर साडेदहा हजारांच्या घरात, घराचा 6,923, गाड्यांचा हजारभर, कर्जाचं व्याज 14 हजारांवर. बेरीज 32 हजारांच्या पुढे जाते, आणि दोघांचं 2025 चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पावत्यांशिवाय सरसकट मिळणारी वजावट, 31,500 आहे. पहिल्यांदाच तुम्हाला तपशीलवार वजावट घेणं परवडेल. देणग्यांच्या पावत्याही शोधून ठेवा. कर्ज फेडून व्याज घटवलंत तर हेही हातचं जाईल.

तेव्हा काम एकच, विमा. या आठवड्यात तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवा. घर पुन्हा बांधायला जो खर्च येईल तेवढ्याचा विमा हवा. काउंटीची ॲसेसमेंट तिथे लिहू नका, तिच्यात जमिनीची किंमतही आहे आणि जमीन जळत नाही. स्वतः सोसायची रक्कम एक हजारावरून अडीच हजार केली तर प्रिमियम किती उतरतो तेही विचारा, तुमच्या बचतीला ते झेपेल. कंपनी बदललीत तर हप्ता गोळा करणाऱ्या कंपनीला नवी पॉलिसी लगेच पाठवा. जुन्या विम्याच्या उरलेल्या महिन्यांचा चेक तुमच्या नावाने घरी येईल. तो खर्च न करता एस्क्रो खात्यात भरा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तूट दाखवणारं पत्र येईल.