उशाशी तीन अलार्म आणि अण्णांना न सांगितलेल्या गोष्टी

प्रिय ताई,
मी २७ वर्षांची असून एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. आमचे गाव तासगाव तालुक्यातले. माझ्या प्रशिक्षणासाठी अण्णांनी द्राक्षबागेची दीड एकर जमीन विकली आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढले. आता माझ्या लॉगबुकात १,३५० तास जमा आहेत. बेस बंगळुरूला आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे साडेतीनला पिकअप येतो. उशाशी तीन अलार्म लावून झोपते आणि तरीही पहिला वाजण्याआधीच दचकून जागी होते. दिवसाला चार, कधी सहा सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावरची उड्डाणे, होतात. साप्ताहिक सुट्टीत रात्रीच्या गाडीने मिरजेला जाते आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ड्यूटी असते. गेल्या महिन्यात लँडिंगच्या आधी कॅप्टनने दोनदा सांगितलेले मला ऐकूच आले नाही. काही झाले नाही, पण मी हादरले. थकव्याचा अहवाल दिला तर ‘ही कमांडला (कॅप्टनपदाला) तयार नाही’ असा शिक्का बसेल, अशी भीती वाटते. सलग दोन महिने पगार उशिरा झाला, आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँडही कंपनीला लिहून दिलेला आहे. एक एजंट म्हणतो की १८ लाख भरून एअरबसचे टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याचे प्रशिक्षण व परवानगी) करा, मोठ्या कंपनीत नोकरी नक्की. अण्णा गावभर माझे कौतुक सांगतात; त्यांना यातले काहीच ठाऊक नाही. सोडू, थांबू, की आणखी कर्ज काढू?
— एक वैमानिक

प्रिय मुली,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि उत्तर लिहिण्याआधी दोन निवृत्त कॅप्टनांशी बोलले, कारण या व्यवसायातल्या गोष्टी अंदाजाने सांगणे मला योग्य वाटले नाही. तुम्ही शेवटी तीन प्रश्न विचारले आहेत, परंतु पत्राचा जीव मधल्या एका वाक्यात आहे: कॅप्टनने दोनदा सांगितले आणि तुम्हाला ऐकू आले नाही. मी तिथूनच सुरुवात करते. पगार, बाँड आणि एअरबस यांचा विचार त्यानंतर करू.

माझे वडील रात्रीचा मालवाहू ट्रक चालवत. दमलो असे त्यांनी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. दमणे म्हणजे कामचुकारपणा, अशी त्यांची समजूत होती. एका पहाटे घाट उतरल्यावर त्यांचा डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून उसाच्या फडात जाऊन थांबला. आईला ही गोष्ट त्यांनी वीस वर्षांनी सांगितली. त्या वीस वर्षांत ते किती वेळा तसेच चाकावर बसले असतील, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो, आणि तुमचे पत्र वाचताना तो पुन्हा मनात आला. तुमच्या मागे सत्तर माणसे बसलेली असतात.

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे क्यू-४०० विमान, तुमच्या एटीआरसारखेच पंख्यांचे, धावपट्टीच्या काही मैल अलीकडे एका घरावर कोसळले. विमानातले सर्व ४९ जण आणि जमिनीवरचा एक, असे ५० जीव गेले. सहवैमानिक २४ वर्षांची होती. ती देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअॅटलहून, रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर आली होती, आणि कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचारी कक्षात काढली होती. तपास यंत्रणेने मुख्य कारण कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादात शोधले. थकव्याने दोघांच्या कामगिरीवर परिणाम झाला असण्याची शक्यता नोंदवली, मात्र तो किती झाला हे ठरवता येत नाही, असेही प्रामाणिकपणे लिहिले. त्या चौकशीत प्रादेशिक वैमानिकांचे तुटपुंजे पगार आणि घरापासून दूरचा बेस या गोष्टी जगासमोर आल्या. पुढे तिथे कायदा झाला, सहवैमानिकासाठीही १,५०० तासांची अट आली आणि विश्रांतीचे नियम बदलले. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. मिरजेहून रात्रभर गाडीत बसून परतणे आणि लगेच पहाटेच्या पिकअपला उभे राहणे, हे तुम्ही घरच्या ओढीने करता. परंतु साप्ताहिक विश्रांती कागदावर पूर्ण दिसते आणि शरीराला मात्र ती मिळालेलीच नसते. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, बनवणाऱ्याला हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ते फक्त तुम्हालाच माहीत असते.

आपल्याकडेही नियम बदलले आहेत, आणि ते तुम्ही तोंडपाठ ठेवावेत असे मला वाटते. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये ड्यूटीचे सुधारित नियम जाहीर केले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजली जाऊ लागली आणि रात्रीच्या ड्यूटीतली लँडिंग सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी लांबत गेली, न्यायालयात प्रकरण गेले, आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. त्या डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द होऊन प्रवाशांचे जे हाल झाले आणि त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सवलत द्यावी लागली, ते आपण सर्वांनी पाहिले. माझे स्पष्ट मत असे आहे की तो दोष विश्रांतीच्या नियमांचा नव्हता. वैमानिकांची पुरेशी भरती वेळेत झाली नव्हती. तुमच्या कंपनीची डीजीसीएने मान्य केलेली ड्यूटी-विश्रांतीची योजना ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये असते. पहाटे साडेतीनचा पिकअप आणि सहा सेक्टर हे एकाच दिवशी त्यात बसतात का, हे तुम्ही स्वतः वाचून पाहा.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे तरुण वैमानिकांचे लक्ष जात नाही. थकव्याच्या अहवालांचा आणि त्यांवर काय केले याचा तिमाही हिशेब कंपन्यांनी डीजीसीएला द्यावा, तसेच अहवाल देणाऱ्याचे नाव गोपनीय राहावे व त्याला शिक्षा होऊ नये, असे धोरण अपेक्षित आहे. कागदावरचे धोरण आणि ऑफिसातले वातावरण यांत अंतर असते, हे मला समजते. तुमची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. तरीही अहवाल द्या. त्यात तक्रारीचा सूर नको. तारीख, पिकअपची वेळ, किती सेक्टर, आधीच्या तीन रात्री किती झोप झाली आणि कोणत्या टप्प्यावर कॅप्टनचे बोलणे निसटले, एवढेच लिहा, आणि रेल्वेचा प्रवासही लपवू नका. एका निवृत्त कॅप्टनांनी मला जे सांगितले, ते तसेच लिहिते: कमांडसाठी मुले पाहताना ‘मी आज तयार नाही’ म्हणणाऱ्याची मला चिंता वाटत नसे, कधीच तसे न म्हणणाऱ्याची वाटे. सर्वच कॅप्टन असे नसतात. पण शिक्का टाळण्यासाठी थकवा दडवण्याची सवय लागली, तर तीच सवय उद्या कॅप्टनच्या डाव्या सीटवरही तुमच्यासोबत येईल.

झोपेसाठी मनाने कोणतीही गोळी घेऊ नका, मैत्रिणीने दिलेली तर मुळीच नाही. विमानवैद्यकातल्या डॉक्टरांना भेटा. मेडिकल (वैद्यकीय पात्रतेचा दाखला) जाईल या धास्तीने वैमानिक डॉक्टरांपासून तोंड लपवतात आणि साधी गोष्ट गंभीर करून बसतात. लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे परवाना गमावल्यास भरपाई देणारा, विमा कंपनीने काढला आहे का आणि किती रकमेचा, हेही याच आठवड्यात विचारून घ्या. डोक्यावर कर्ज असताना त्याला फार महत्त्व आहे.

आता सोडायचे की थांबायचे. तुम्ही १,३५० तासांवर आहात. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्यासाठी १,५०० तास लागतात, म्हणजे महिन्याला साठ-सत्तर तास धरले तर साधारण अडीच महिन्यांचे अंतर. त्याचे पेपर राहिले असतील तर तेच आधी हातावेगळे करा. आपल्या देशात चित्र असे विचित्र आहे की नवा परवाना हातात घेतलेली मुले वर्षानुवर्षे नोकरीविना बसून आहेत आणि त्याच वेळी कंपन्यांना कॅप्टन मिळत नाहीत. तुम्ही पहिल्या रांगेतून निघून दुसऱ्या रांगेच्या तोंडाशी आला आहात. या टप्प्यावर १८ लाखांचे कर्ज काढून पुन्हा पहिल्या रांगेच्या शेवटी उभे राहणे मला पटत नाही. एजंट कोणालाही नोकरी ‘नक्की’ करून देऊ शकत नाही. कंपनी स्वतःची परीक्षा, सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत घेते. आणि टाइप रेटिंग करून ते विमान उडवायला मिळाले नाही, तर थोड्याच महिन्यांत पुन्हा सिम्युलेटरचा खर्च उभा राहतो. कंपनीचे लेखी नेमणूकपत्र हातात नसेल, तर एक रुपयाही भरू नका.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एटीआरचे तास कित्येक कंपन्या, विशेषतः परदेशातल्या, जेटच्या तासांइतके धरत नाहीत. त्या कंपन्या विमानाचे वजन विचारतात, आणि तुमचे विमान जास्तीत जास्त २३ टनांचे असते, तर एअरबस ए-३२० ऐंशीच्या आसपास जाते. त्यामुळे आयुष्यभर एटीआरवरच राहावे, असे मी सुचवत नाही. परंतु कमांडचे तास, आखूड धावपट्ट्या, पावसाळ्यात ढगांच्या वर न जाता ढगांतून उडणे, आयएलएस (कमी दृश्यमानतेत उतरायला मदत करणारी यंत्रणा) नसलेल्या विमानतळावर दृश्यमानता पुरेशी नाही म्हणून परत फिरण्याचा निर्णय, ही कमाई लॉगबुकाच्या रकान्यात मावत नाही आणि तुमच्याकडून कोणी काढूनही घेऊ शकत नाही. एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून ठरवा: २०१७ पासून फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. कमांड स्वीकारली की बाहेर पडण्याचा रस्ता दुपटीने लांबतो.

म्हणूनच कंपनीची प्रकृती तपासणे आवश्यक आहे, कारण बुडणाऱ्या कंपनीत एक वर्षाची नोटीस ही फार कठीण शिक्षा असते. कॅन्टीनमधल्या चर्चेवर विसंबू नका. ईपीएफओच्या पासबुकात तुमच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम दरमहा जमा होते का, पगारातून कापलेला कर प्राप्तिकर खात्याच्या तुमच्या नावावरच्या नोंदीत दिसतो का, हे पाहा. पगार उशिरा होणे वाईटच, पण कापलेले पैसे पुढे भरलेच जात नसतील तर ते त्याहून गंभीर लक्षण आहे. किती विमाने सुट्या भागांअभावी उभी आहेत, हे तुम्हाला एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, दिसतेच. शिवाय तुम्ही उडवता त्यांपैकी किती मार्ग छोटी शहरे जोडणाऱ्या सरकारी ‘उडान’ योजनेतले आहेत आणि त्यांचे तीन वर्षांचे अनुदान कधी संपते, याची चौकशी करा. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतरही चालू राहिलेले अवघे ५४ होते. ट्रूजेट ही प्रादेशिक विमान कंपनी २०२२ मध्ये थांबली. आपल्या नांदेड, जळगाव, कोल्हापूरच्या लोकांना ती आठवत असेल. प्रादेशिक सेवा गावांना हवी आहे यात शंका नाही, पण गरज असणे आणि कंपनी टिकणे या वेगळ्या बाबी आहेत.

माझा सल्ला असा की तिसऱ्या महिन्याचा पगारही वेळेवर झाला नाही किंवा पासबुकात खंड दिसला, तर एटीपीएल हाती येताच, कमांडची वाट न पाहता, सहा महिन्यांची नोटीस द्या आणि त्या काळात इतर कंपन्यांकडे अर्ज करा. तसे नसेल तर कमांडपर्यंत थांबा. दोहोंपैकी कोणत्याही वाटेने जायचे झाले तरी बाँडची प्रत आजच एखाद्या वकिलाला दाखवा आणि उरलेल्या कालावधीच्या प्रमाणात रक्कम कमी होते का, हे विचारा. हप्ता थकण्याची वेळ येत असेल तर तो थकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. थकल्यानंतर तीच माणसे वेगळ्या स्वरात बोलतात.

राहिले अण्णा. ते गावभर कौतुक सांगतात, म्हणून त्यांना खरे सांगणे म्हणजे त्यांचा मान काढून घेणे, असे तुम्हाला वाटत असावे. परंतु ज्या माणसाने अवकाळी पावसात बाग गेल्यावर दुसऱ्या वर्षी पुन्हा छाटणी केली असेल, त्याला हातातोंडाशी आलेला पगार लांबणे म्हणजे काय, हे तुम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. कर्जाच्या कागदावर त्यांची सही आहे. कंपनीची अवस्था जाणून घेण्याचा त्यांना हक्कही आहे.

मात्र यासाठी पुढच्या सुट्टीत तुम्ही मिरजेची गाडी पकडू नका. या वेळी अण्णांना बंगळुरूला बोलवा. तुमच्या ४८ तासांतली पहिली रात्र तुम्ही झोपा, त्याच रात्री ते प्रवास करतील, आणि सकाळी स्टेशनवर त्यांना घ्यायला जा. तुम्ही कुठे राहता, किती वाजता जेवता, पहाटे साडेतीनला गाडी कुठे येऊन थांबते, हे त्यांनी अजून पाहिलेले नाही. पासबुक, बाँड आणि त्या दिवसाच्या अहवालाची प्रत टेबलावर काढून ठेवा. उशाशी ठेवलेले तीन अलार्म त्यांना आपोआप दिसतील, आणि बहुधा पहिला प्रश्न तेच विचारतील.

तुमची,
ताई