ठेकेदाराची माणसे कोणाच्या हिशेबात?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझे वर्कशॉप आहे. हजेरीपटावर १४ कामगार असून पॅकिंगला ठेकेदाराचे ८ जण वर्षभर असतात. मला भविष्य निर्वाह निधी लागू होतो का? – एक उद्योजक, सांगली

उत्तर : होतो. २० कामगारांची मर्यादा मोजताना ठेकेदारामार्फत आलेली माणसेही धरली जातात. त्यांचा हजेरीपट वेगळा ठेवल्याने आपली २२ ही संख्या कमी होत नाही. वर्गणीत कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे तेवढेच असतात, व ती पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. मालकाचा हिस्साही पगारातूनच कापण्याची चाल काही ठिकाणी दिसते (तिला ‘ठरलेला पगार’ असे गोंडस नावही असते), परंतु ती सरळसरळ बेकायदेशीर आहे. ठेकेदाराने भरणा चुकवल्यास वसुली मुख्य मालकाकडे येऊ शकते. म्हणून त्याचे बिल मंजूर करण्यापूर्वी केवळ चलन न पाहता, त्यासोबतच्या यादीत आपल्याकडे राबणाऱ्या आठही जणांची नावे आहेत का, हे ताडून पाहावे. १० कामगारांपासून लागू होणाऱ्या राज्य कामगार विम्याची नोंदणीही तपासावी. त्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे.