संगणक-शंका : रॅम दुप्पट केली आणि संगणक रुसला

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या मुलाने घरीच संगणक जोडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर५-६००० रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या. सहा महिने काहीच तक्रार नव्हती. व्हिडिओ संपादनाला रॅम पुरेना, म्हणून त्याच कंपनीची, त्याच क्रमांकाची आणखी एक जोडी आणून उरलेल्या दोन स्लॉटमध्ये बसवली. तेव्हापासून सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहतो आणि काम करता करता निळा पडदा येऊन ‘मेमरी मॅनेजमेंट’ अशी अक्षरे दिसतात. दुकानदार म्हणतात, एखादी पट्टी खराब असेल. चारांतली नेमकी कोणती, हे कसे ओळखावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या चारही पट्ट्या धडधाकट असण्याची शक्यता मला अधिक वाटते. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवर नसून प्रोसेसरच्याच पोटात असतो, आणि एका चॅनेलवर, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीवर, एकाऐवजी दोन पट्ट्या आल्या की त्याचे काम बरेच अवघड होते. आपल्या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे दिलेला वेग दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना अवघा ३६०० आहे. खोक्यावरचा ६००० हा आकडा एक्स्पो नावाच्या सेटिंगचा, म्हणजे एका अर्थाने ओव्हरक्लॉकिंगचाच (अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचाच), आणि त्याची रॅमच्या कंपनीने घेतलेली चाचणी त्या खोक्यातल्या दोन पट्ट्यांपुरती असते. दोन खोक्यांवर क्रमांक एकच असला तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

काळ्या पडद्याला घाबरू नये. रॅम बदलली की मदरबोर्ड प्रत्येक पट्टीशी जुळणारी वेळ नव्याने शोधतो. या प्रक्रियेला ट्रेनिंग म्हणतात आणि चार पट्ट्यांना त्यासाठी दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. मदरबोर्डवरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा पेटलेला पाहून बहुतेक जण घाईने बटण दाबतात आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. चहा करून यावा.

संगणक सुरू झाला की बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या अंगभूत प्रोग्राममध्ये, जाऊन एक्स्पो बंद करावे. बायॉसची नवी आवृत्ती आली असेल तर तीही घालावी, मात्र यूपीएस जोडूनच, कारण अपडेट चालू असताना वीज गेली तर रॅमपेक्षा मोठी पंचाईत होईल. नंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून रात्रभर चालू ठेवावे. ६४ जीबीला कित्येक तास लागतात. निकाल वाचायला सोपा आहे : चुका शून्य असतील तर उत्तीर्ण, एकही लाल ओळ दिसली तर अनुत्तीर्ण. ‘दोनच तर चुका आहेत’ असे म्हणून सोडून देऊ नये.

एक्स्पो बंद करूनही चुका आल्या, तरच पट्टी शोधायला लागावे. भिंतीवरचे बटण बंद करावे, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरू द्यावी आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकेक पट्टी घालून तीच चाचणी घ्यावी. प्रत्येक वेळी पट्टी बदलावी, स्लॉट मात्र तोच ठेवावा. पुष्कळ मदरबोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो. तिकडे ‘खट्’ असा आवाज येतो आणि दुसरे टोक केसभर वर राहून जाते. टॉर्च लावून पाहावे. पट्टीचे सोनेरी काठ खोडरबराने घासण्याची आपल्याकडची जुनी सवय मला पसंत नाही, कारण रबराचा चुरा शेवटी स्लॉटमध्येच जातो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओलसर केलेले कापड पुरेसे आहे.

चारही पट्ट्या एकेकट्या उत्तीर्ण झाल्या आणि एका बाजूचे स्लॉटच दगा देत असतील, तर प्रोसेसरचे सॉकेट पाहावे. या पिढीत पिना सॉकेटमध्ये असतात आणि एक जरी वाकली तरी अख्खे चॅनेल जाऊ शकते. माझ्या स्वतःच्या संगणकात ३२ जीबीऐवजी १६ दिसू लागले, तेव्हा मी दोन दिवस पट्ट्यांना दोष देत बसलो होतो. कूलरचे स्क्रू एका बाजूने अधिक आवळले गेले होते. ते सैल करून कर्णरेषेत थोडे थोडे आवळल्यावर हरवलेले १६ जीबी परत आले.

आपल्या बाबतीत गोष्ट इथवर येईल असे मला वाटत नाही. एक्स्पो बंद करून निळा पडदा थांबला, तर चारही पट्ट्या त्याच कमी वेगाने वापराव्यात. व्हिडिओ संपादनात वेगापेक्षा पुरेशी रॅम असणे अधिक कामाचे. ६००० हवेच असेल, तर दुकानदाराशी बोलून नवी जोडी परत करावी, जुनीही विकून टाकावी आणि ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्यावा.

प्रश्न : माझी रॅम ६००० ची आहे, पण सीपीयू-झेड (संगणकाची माहिती देणारे सॉफ्टवेअर) ३००० दाखवते. फसवणूक झाली का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजते आणि खोक्यावर पाठवण्यांची संख्या छापलेली असते. तिथे २४००, म्हणजे एक्स्पोविना मिळणारा ४८०० चा वेग, दिसला असता, तर मात्र एक्स्पो चालू करायचे राहिले, असे मी म्हटले असते.