वाचक विचारतात : पिशवीभर तांदूळ आणि पोच

प्रश्न : आमचे महिला मंडळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) गरजू घरांना तांदूळ, डाळ, तेल देते. बारा घरांपासून सुरुवात केली, आता एकतीस झाली. वर्गणी मात्र तेवढीच. काय करावे?
— श्रीरामपूर तालुका

उत्तर : पहिल्यांदा या एकतीस घरांची रेशनकार्डे मागवून बघा. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी 35 किलो धान्य मिळायला हवे. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. पाच माणसांच्या घराचे 25 किलो बुडत असतील, तर तुमची पिशवी किती दिवस पुरणार?

अडचणी बहुधा ठरलेल्या असतात. कार्ड केशरी, पण प्राधान्याचा शिक्का नाही (त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात 44,000 रुपये, शहरात 59,000). सून आणि नातवंडांची नावे चढलेलीच नाहीत. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) राहिली. आणि रेशन दुकानातले, ठसा जुळवणारे पॉस मशीन अंगठा घेत नाही. ऊसतोडीत, वीटभट्टीवर बोटांच्या रेषा झिजतात. दुकानदार ‘मशीन घेत नाही’ म्हणतो आणि म्हातारी रिकाम्या पिशवीने परत येते. खरे तर कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कोणाचाही अंगठा चालतो. शिवाय केवळ अंगठा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, असे केंद्राचे आदेशच आहेत. म्हातारीसोबत मंडळातल्या एकीने दुकानात जाऊन उभे राहावे. निम्मी कामे तिथेच होतात.

आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास टेबल मांडा. दोघी बसा : एकीने बोलायचे, दुसरीने लिहायचे. (गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक संस्थेचे सभासद घरभेटीला जोडीने जातात. ऐकणारे कान दोघांचे असले की नंतर वाद होत नाही.) दोनशे पानी वही घ्या आणि रकाने पाडा : तारीख, कार्डाचा 12 अंकी क्रमांक, अडचण, अर्ज कुठे दिला, पोच, पुढची तारीख, निकाल. आधारच्या झेरॉक्स कपाटात साठवू नका, शेवटचे चार अंक लिहिले की पुरे. आणि पोच मिळाली नसेल तर ‘अर्ज दिला’ असे वहीत लिहायचे नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत तोंडी सांगितलेल्याला काडीची किंमत नसते.

पिशव्या लगेच बंद करू नका. कार्डाचे काम मार्गी लागेपर्यंत त्या घराला द्या, मग पिशवीच्या यादीतून नाव कमी करा. सहा महिन्यांनी वही उलटून बघा. एकाच दुकानाच्या अकरा तक्रारी असतील, तर त्या एका कागदावर तारखांसह उतरवून पुरवठा निरीक्षकाकडे न्या. धोरणाबद्दल बोलायला लागणारा पुरावा हाच.

प्रश्न : चर्चच्या लेटरहेडवर माहिती अधिकारात अर्ज केला, परत आला. का?

उत्तर : हा हक्क नागरिकाचा आहे, संस्थेचा नाही. अर्ज एका व्यक्तीने स्वतःच्या नावाने करावा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांत. ‘आमचे नाव का चढवले नाही?’ असे विचाराल तर ‘ही माहिती नव्हे’ म्हणून उत्तर येईल. ‘अमुक तारखेच्या अर्जावर दिनांकनिहाय काय कार्यवाही झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्यावी’ असे लिहा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील.

प्रश्न : निवडणूक जवळ आली आहे. पाण्याच्या प्रश्नावर फादरांनी वेदीवरून बोलावे का? सभा चर्चच्या हॉलमध्ये घ्यावी का?

उत्तर : सभा हॉलमध्ये घेऊ नका. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा 1988 चा कायदा आहे आणि त्यातली ‘राजकीय कृती’ची व्याख्या ऐसपैस आहे. पक्षाचा प्रचार तर त्यात येतोच, पण राजकीय स्वरूपाच्या प्रश्नावर घेतलेली सभासुद्धा येऊ शकते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात जमा. उमेदवाराचे नाव वेदीवरून कोणीच घेऊ नये, आभार मानतानाही नाही.

निवेदनावर फक्त ख्रिस्ती घरांच्या सह्या नकोत. नळाला पाणी येत नसेल तर ते अख्ख्या आळीला येत नाही. वसईत पाणी आणि हिरव्या पट्ट्यासाठी लढा उभा राहिला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, पण पाटी होती हरित वसई संरक्षण समितीची आणि माणसे सगळ्या धर्मांची.

मग ग्रामसभा गाठा. गणपूर्तीला (सभा चालण्यापुरत्या हजेरीला) 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो लागतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होणे हे नेहमीचेच, त्यामुळे आळीतून माणसे मोजून न्या. ठरावाचा मजकूर घरूनच लिहून न्यावा आणि इतिवृत्तात उतरलेला मजकूर तिथल्या तिथे वाचून घ्यावा. आठ दिवसांनी बघायला गेलात, तर ‘पाणीपुरवठा करावा’च्या जागी ‘पाणीप्रश्नावर चर्चा झाली’ एवढेच सापडते.