खोली आठ हजारांची, कात्री सगळ्या बिलाला

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांचं (वय ७१) बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. पॉलिसी पाच लाखांची, अकरा वर्षांत एकही क्लेम नाही. इस्पितळात स्वस्तातली खोली रिकामी नव्हती, म्हणून रोज ८,००० रुपयांची घेतली. ‘कॅशलेस आहे, काळजी नको,’ असं काउंटरवर सांगितलं. सहा दिवसांचं बिल ३,४६,००० झालं, कंपनीने २,०३,७५० मंजूर केले. सकाळी अकराला डिस्चार्ज लिहिला, पण रात्री साडेनऊला उरलेले १,४२,२५० भरल्यावरच घरी सोडलं. मुलाच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. कंपनीच्या पत्रात कारण एवढंच : ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. हे काय असतं? आता काही करता येईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुम्ही पाठवलेलं बिल घेऊन काल दुपारभर बसले. करता येईल. ४४,२५० रुपये कंपनीने चुकीचे कापलेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ५,००० ची मर्यादा आहे. कुणालाही वाटेल, वरचे तीन हजार रोजचे आपण भरू, सहा दिवसांचे अठरा हजार, विषय संपला. तसं होत नाही. मुंबईतल्या बऱ्याच खाजगी इस्पितळांत खोलीचा वर्ग बदलला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं सगळंच चढतं. डॉक्टर तोच, टेबल तेच, पण दर खोलीवरून ठरतो. हे मला कधीच पटलेलं नाही. मग कंपनी म्हणते, या खोलीच्या भाड्यातला पाच आठमांशच तुमच्या हक्काचा, तर हे खर्चही पाच आठमांशच देऊ. हेच ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. तुमच्या बिलात असे खर्च १,६०,००० आहेत, त्यातले ६०,००० गेले. हातमोजे, मास्क वगैरेंचे २०,००० पॉलिसीत बसतच नाहीत. हे कडू आहे, पण करारात लिहिलेलं आहे.

पुढचं मात्र करारात नाही. खुब्यात बसवलेला इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या मिळून १,१८,०००. या तिन्ही गोष्टींना ही कात्री लावायची नाही, असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, २०२० मध्येच ठरवून दिलं. इम्प्लांटची किंमत खोली बघून बदलत नाही ना! तरी तुमच्या कंपनीने तिथेही साडेसदतीस टक्के कापले. तेच हे ४४,२५०.

मी फोर्टातल्या एका कचेरीत क्लेम विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. अशी एका ओळीची पत्रं माझ्याही टेबलावरून गेली आहेत, आणि ती वाचून गप्प बसलेली माणसं पुन्हा कधी आली नाहीत. म्हणून सांगते, गप्प बसू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा, कापलेल्या रकमेचा बाबवार हिशेब मागा, पोच घ्या. पॉलिसीत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची, म्हणजे ज्यांना ही कात्री लागू शकते त्या खर्चांची व्याख्या असते, ती जोडा. इस्पितळाकडूनही लिहून मागा की कुठले दर खोलीनुसार बदलतात. जे बदलत नाहीत, त्यांवरही कपात चालत नाही. कदाचित साठ हजारांतलेही काही सुटतील.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मुलुंडकरांसाठी ठाण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

त्या साडेदहा तासांबद्दल. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार इस्पितळाची डिस्चार्जची विनंती आली की कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, आणि त्यापुढे उशीर होऊन इस्पितळाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. इस्पितळातल्या टीपीए डेस्कवरून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेशी व्यवहार होतो ती खिडकी) फायनल बिल किती वाजता गेलं, ती वेळ लेखी मागा. ते सातला गेलं असेल तर दोष इस्पितळाचा, बाराला गेलं असेल तर कंपनीचा. मोडलेला खुबा घेऊन ७१ वर्षांच्या माणसाला दिवसभर ताटकळत ठेवणं मला संतापजनक वाटतं.

आणि हो, फिजिओथेरपी चालू असेलच. डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवसांचे खर्च बहुतेक पॉलिसींत मिळतात, तुमच्या पॉलिसीत ते ६० दिवस आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट सगळ्या पावत्या एका पाकिटात जपून ठेवा.