मॅडम, झोपलो तर मागे पडेन ना?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे नोकरदार मुलंमुली पहिल्या दोन भेटींत हा प्रश्न विचारतातच. शब्द वेगळे असतात. कुणी म्हणतं सगळे कोर्स करतायत आणि मी काय झोपू, कुणी म्हणतं सुट्टी टाकली की साहेबांच्या डोळ्यावर येतं. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, त्याची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय 29, मूळचा शिरोळ तालुक्यातला, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. डिप्लोमावर लागलेला आणि बरोबरचे डिग्रीवाले पुढे सरकताना रोज बघणारा. म्हणून शिफ्ट सुटली की ऑनलाइन कोर्स, रविवारी डिग्रीचा अभ्यास, झोप चार-साडेचार तास, आणि दोन वर्षांत गणपतीचे दोन दिवस सोडले तर एक रजा नाही. हे सगळं त्याने अभिमानानेच सांगितलं. तो आला होता ते "माझी बुद्धी कमी पडतेय का तेवढं बघा" म्हणून.

झालं होतं असं. थर्ड शिफ्ट, पहाटेचे साडेचार. गो-नो गो गेजने, म्हणजे माप तपासायच्या दोन बाजूंच्या साधनाने, तो पार्टची भोकं तपासत होता, त्यात गो बाजू आत जायला पाहिजे आणि नो गो जायला नको, पण इथे नो गो सुद्धा सहज आत गेली म्हणजे भोक मोठं झालेलं, माल रिजेक्ट. त्याला ते कळलं, रजिस्टरला त्याने स्वतःच्या हाताने रिजेक्ट लिहिलं, आणि मालाच्या पेटीला रिजेक्टचा लाल टॅग लावायच्या ऐवजी पासचा हिरवा लावला. लॉट पुढे गेला, कस्टमरची कंप्लेंट आली, प्रमोशनचा इंटरव्ह्यू लांबला. "मला माहीत होतं हो मॅडम, मी लिहिलंय ना, तरी हात हिरव्याकडे गेला." सांगताना तो आपल्या उजव्या हाताकडे असा बघत होता की जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

मी विचारलं, त्या दिवशी उठला होतास कधी? सकाळी आठला. दुपारी झोपायचं तर क्लास केला होता. म्हणजे साडेवीस तास सलग जागा. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं होतं, सलग 17 तास जागं राहिलं की हात आणि डोळे मिळून जे काम करतात ते रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं ढिलं पडतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 0.03 आहे. मी म्हटलं, दारू पिऊन शिफ्टला गेला असतास का रे? माळकरी घरातला मुलगा, बराच वेळ काही बोललाच नाही.

बुद्धीचं म्हणाल तर ती चांगली तल्लख होती, पण दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायचं काम बरंचसं झोपेत होतं आणि तो ती वेळच मेंदूला देत नव्हता, म्हणून एकच धडा तीन-तीनदा बघावा लागत होता. 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास छापून आला, त्यात सगळ्यात सरस मुलं रियाज भरपूर करायची हे खरंच, पण झोपायचीही दिवसाला साधारण साडेआठ तास, दुपारची डुलकी धरून. हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे झोप पण रियाजातच धरायची?" हो, तिथेच धरायची.

पण पहिला प्रयत्न फसला. मी म्हटलं रविवार मोकळा ठेव, त्याने ठेवला, आणि दिवसभर गादीवर पडून मोबाईलवर दुसऱ्यांची सर्टिफिकेटं बघत बसला, मधेच कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिजेक्शनचे आकडे. सोमवारी आणखी दमलेला. यात चूक माझी, आराम म्हणजे काय ते मी नीट सांगितलंच नव्हतं. अंग आडवं झालं तरी डोकं लाईनवरच उभं असेल तर थकवा उतरत नाही, कामातून मन सुटावं लागतं, आणि त्यासाठी कधी कधी उठून स्वयंपाक करणं किंवा क्रिकेट खेळणं हे लोळण्यापेक्षा जास्त कामी येतं.

हे बोलताना त्याला स्वतःलाच गावचं रान आठवलं. त्यांचं एक एकर क्षारपड झालंय. "आज्जा उसाला पाणी देतच राहायचा मॅडम, जास्त पाणी जास्त ऊस म्हणून, शेवटी वर पांढरं मीठ फुटलं. आता खालून पाइप घालून पाणी काढायला लागतंय." मी त्यावर काही बोलले नाही, गरजच नव्हती.

अपराधी वाटणं मात्र लवकर जाईना. त्याला मी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंबद्दल सांगितलं, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 ला, वर्षानुवर्षं अर्ज-सभा करून. ज्या सुट्टीसाठी लोक एवढे झगडले ती आपण आपल्या हाताने परत करतोय, असं तो स्वतःच म्हणाला.

मग ठरलं ते साधंच: नाईटनंतर खोलीला जाड पडदा आणि मोबाईल स्वयंपाकघरात, कोर्स आठवड्यातून दोनच संध्याकाळी, रविवारी ग्रुप म्यूट, दोन महिन्यांतून एकदा रजा टाकून गावी. एक गोष्ट आवर्जून सांगते, जिथे माणसंच कमी ठेवलीत आणि डबल शिफ्ट लादली जाते तिथे कामगाराला पडदे लावायला सांगून भागत नाही, तिथे कंपनीशीच बोलावं लागतं. आणि पुरेशी झोप मिळूनही आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल तर आधी डॉक्टर.

चार महिने झाले. इंटरव्ह्यू अजून व्हायचाय. धडा आता एकदा बघितला की डोक्यात राहतो म्हणतो, आणि टॅग लावायच्या आधी रजिस्टरची ओळ मोठ्याने वाचतो. थर्ड शिफ्टचा आठवडा अजून जड जातो, पुढच्या भेटीत त्याच्यावरच बोलायचंय.